चुन्याची रेघ

करावे गावामागे, जिथं मैदान संपून पाणथळ लागते,
तिथं सकाळी सहाला मी म्हणते, नव्वद फूट,
आणि हसुराम मढवी चुन्याचा डबा घेऊन
दोरीशिवाय नव्वद फूट चालतात.
नंतर टेप लावला तर फरक बोटभर.
तोही, त्यांच्या मते, टेपचा.

मुली हातमोजे चढवतायत.
मी पुस्तकातून वाचून दाखवते:
हा खेळ एका माणसानं, एका गावी,
एका उन्हाळ्यात शोधला.
पुढच्याच पानावर: ही गोष्ट खोटी.

हसुराम हसत नाहीत.
"आमचे गावान पन यक होता.
म्हनायचा, विटी माझे आज्यानी काराली."
दिवाळ्यातही एक होता तसाच.
सारसोळ्यात दोन.

इथं मिठागर होतं.
बांधावर गल्ली कोरायची,
दांडू भेंडीच्या लाकडाचा,
आणि मोजायचं: वकट, लेंड, मूंड, नाल.
हे आकडे कुठल्या मुलखाचे, कुणी विचारलं नाही.
कुणीतरी बैल हाकत आलं असणार मीठ न्यायला,
मीठ नेलं,
आकडे ठेवून गेलं.

"पूर्वी," मी सांगते, "धावणाऱ्याला चेंडू फेकून मारायचे.
लागला की बाद."
"आबाधुबी," म्हणतात हसुराम.
"आणि तळावर पाय असेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."
"खांबखांबोली."
मग मी पुस्तक मिटते.
ते भुवईवरची खूण दाखवतात, विटीची.
मारणारा तीन वर्षं बोलला नाही त्यांच्याशी,
की तेच बोलले नाहीत,
आता आठवत नाही.

सातच्या सुमारास यज्ञा वास्करनं
असा एक टोला हाणला
की चेंडू सरळ खारफुटीत.
बगळे उठले. चेंडू गेला तो गेलाच,
तीनशे रुपयांचा.

कुणी सांगितलं नव्हतं, पण हसुरामांनी तिच्या हातून बॅट घेतली
आणि वाकून, कमरेवर एक हात ठेवून,
जमीन मोजायला लागले.
वकट. लेंड. मूंड.
मुली मागोमाग, आधी खिदळत,
मग नाल मोठ्यानं,
झकूला तर पलीकडच्या इमारतीतली एक खिडकी उघडली.

चिखलापाशी ते थांबले.
किती झाले, कुणालाच सांगता येईना.
सतरा जणींच्या पावलांखाली
पहिल्या तळापर्यंतची रेघ पार पुसली होती.

"पुन्ना मारतो," ते म्हणाले,
आणि डबा हलवून पाहिला,
चुना आहे का.