भिंती तपासणारी

सात वर्षं मी भिंतींना धडका मारल्या,
पगार घेऊन.
खराडीत, नवव्या मजल्यावर, पडदे ओढून,
खेळातल्या एका शिपायाला चालवत न्यायचं
आणि दिसेल त्या भिंतीला भिडवायचं:
आधी खांदा, मग कोपर, मग उलटा करून पाठ.
आरपार जातो का बघायचं.

एका विहिरीच्या कठड्यावरून
तीनशे बाराव्या उडीला तो जगाच्या खाली पडला.
खाली कुणी काही केलेलंच नव्हतं. नुसतं करडं.
हात हलवत पडत राहिला, मरेना.
मरायलाही तळ लागतो.
मी नोंद केली: पायाखालची जमीन जाते.
पुन्हा करून पाहिलं, पुन्हा जाते.
गंभीरपणा: मध्यम.

शेजारी तौसीफ मुलाणी पाणी करायचा.
आठ महिने एकच नदी.
मुळा-मुठेच्या काठी नमुना मिळेना
म्हणून रविवारी स्कूटर काढून पानशेतला जायचा
आणि सोमवारी चहाच्या मशीनपाशी हळूच सांगायचा,
पाणी निळं नसतंच गं, आपण उगाच मानतो.

मंगळवारी पावणेदहाला बोलावणं आलं,
पंधरा मिनिटांचं. विषय: संवाद.
संवादाला आम्ही एकशे चाळीस जण
आणि सगळ्यांचे आवाज त्यांनीच बंद करून ठेवलेले.
बोलणारीच्या खिडकीत रात्र होती.
दोनदा कुटुंब म्हणाली, एकदा जड अंतःकरणाने,
मधे पाणी प्यायली.
मी तेवढ्यात एक नोंद पुरी करत होते,
पात्र दाराशी येतं आणि

खाली कुणाचंच कार्ड लागेना.
आत यायला कार्ड लागतं हे माहीत होतं,
बाहेर पडायलाही लागतं हे त्या दिवशी कळलं.
शेवटी वॉचमन पोखरकरांनी स्वतःचं काढलं.
एकेक करून या, ताई. घाई नको.
एकशे चाळीस वेळा हिरवा दिवा लागला
एकाच माणसाच्या नावाने.
ते म्हणाले, माझं काय, मी दर अकरा महिन्यांनी
जातो आणि येतो.

विमा महिनाअखेरपर्यंत.
आईचा एक डोळा झालाय,
दुसरा पुढच्या महिन्यात होता.

बाबांना दोन दिवसांनी सांगितलं.
पिंपरीचा त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी दुसरीत होते;
ताडपत्रीखाली एकोणीस दिवस बसले होते सगळे,
कुणी पिठलं आणायचं, कुणी पेटी आणून भजनं म्हणायचं.
आता ते बराच वेळ शेंगा सोलत राहिले
आणि म्हणाले, आमच्या वेळी निदान गेट होतं.
तुम्ही बसणार कुठे?

मी खरंच जाऊन बघितलं.
काचेचं दार, दोन कुंड्या,
आणि एक नवा मुलगा, पोखरकरांच्या जागी,
म्हणाला, मॅडम, गाडी पुढे घ्या.

केशवनगरच्या फ्लॅटचे एकशे सहा हप्ते उरलेत.
रात्री टँकर येतो, पाइप घरघरतो,
मी उठून स्वयंपाकघराच्या भिंतीला
उगाच खांदा लावून बघते.
सवय.

दिवाळीत खेळ बाजारात आला.
भाच्याने, निहारने, मामाकडून पैसे काढून घेतला.
शेवटच्या नावांमध्ये आम्ही नाही, ते मी आधीच बघून ठेवलं होतं.
पण नदी होती.
निळी नव्हती.
निहार पुलावरून धावत गेला, एकदाही खाली न बघता,
आणि विहिरीपाशी आला.

थांब, म्हटलं, कठड्यावरून उडी मार.
त्याने मारली. शिपाई जमिनीवर टेकला,
गुडघ्यात वाकला, उभा राहिला.
इथे काहीच नाहीये गं मावशी.

अजून एकदा मार.
अगं, काही नाहीये.

अजून एकदा.