पाळी

भोंगा वाजतो, मँगनीजच्या खाणीतली
दुसरी पाळी सुटते,
आणि माझ्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर
काळी बोटं उमटायला लागतात.
चिआतुरात बर्फसुद्धा तासाभरात करडं होतं.

पुरुष पाठदुखीचं मलम घेऊन जातात.
बायका मागाहून येतात.
आधी खोकल्याचं औषध. मग कापूस.
मग दाराकडे एक नजर,
मग, "माझ्या एका मैत्रिणीला..."

या गावातल्या त्या मैत्रिणीला
बावीस वर्षं मी गोळ्या देतेय.
पंचावन्नाव्या वर्षी तिला कोरडेपणानं आग होते.
सतराव्या वर्षी ती विचारते,
पहिल्याच वेळी राहतं का?
राहतं, पोरी. पहिली वेळ शरीराला मोजता येत नाही.
तिला लघवीला जळजळतं,
तिला नवरा नकोसा होतो,
मग एकाएकी हवासा होतो आणि त्याचीच लाज वाटते.
एकदा तरी तिनं स्वतःच्या पायांनी यावं.
तिला खुर्ची द्यावी, तुतीचा मुरंबा घालून चहा द्यावा,
म्हणावं, बाई गं,
सगळ्या गावाचं दुखणं एकटी कशी वागवतेस?

काल त्सियाला आली. रोपवेच्या डब्यात
तिकिटं फाडते, दिवसाला चाळीस वेळा
दरी ओलांडते. वय सत्तेचाळीस.
थोरलीचं लग्न नुकतंच, द्राक्षं उतरली तेव्हा झालं.
तिला मैत्रीणबित्रीण नव्हती.
काउंटरवर कोपर टेकून सरळ म्हणाली,
"म्झेविनार, चार महिने झाले. दिवस गेले."

"गेले म्हणजे कसे गेले?
गेले ते गेलेच,
की गेले म्हणून आता कुणी येणार?"

ती हसली. हसता हसता थांबली.
"तेच तर विचारायला आले."

मी म्हटलं, सबंध वर्ष कोरडं गेलं
तर संपली म्हणायचं. तोवर दोन्ही दारं
नुसती लोटलेली असतात, कडी कुठलीच नसते.
चाचणीचं खोकं तिच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात मागून सेवेरियान,
लोकरी टोपी हातात चुरगाळत, बिचारा केव्हाचा उभा,
घसा खाकरून म्हणाला,
"माझी पाळी आली का?"

त्सियाला काउंटर धरून खाली बसली.
मी कपाटात तोंड घालून हसले,
बाटल्या किणकिणल्या.
म्हाताऱ्याला काही कळेना. आम्ही डोळे पुसले
तरी तो तसाच उभा, आणि मग अगदी हळू,
"माझ्या एका मित्राला... म्हणजे रात्री...
बायको जवळ आली की..."

त्याला मी खुर्ची दिली.
रक्तदाब मोजला. हृदयाच्या कुठल्या गोळ्या
चालू आहेत ते विचारलं, त्या मित्राच्या.
डॉक्टरचं नाव लिहून दिलं, मोठ्या अक्षरात.

त्सियाला मागच्या खोलीतून बाहेर आली.
खोक्यांची धूळ गुडघ्याला, हातात ती पट्टी.
एकच रेघ.
"आठवड्यानं परत एकदा बघ," मी म्हटलं.
तिनं मान हलवली. तिचं अभिनंदन करावं
की सांत्वन, मला ठरवता येईना. तिलाही.
खोकल्याच्या औषधाचे पैसे मोजून ती गेली,
औषध काउंटरवरच राहिलं.

आज सकाळी उणे नऊ.
मी वरच्या वस्तीत इन्सुलिन पोचवायला निघाले.
डबा दरीच्या मधोमध आला
आणि छातीतून ते वर चढलं, मानेवर, कानांत,
जसं कुणी आत तंदूर पेटवून विसरून गेलं.
मी स्कार्फ सोडला. कोटाचं एक बटण. दुसरं.
बाकीचे तिघे टोप्यांत तोंडं खुपसून.

मी कुणाला विचारलेलं नाही.
एक्कावन्न वर्षांची औषधवाली
कुणाच्या दुकानात जाऊन खोकणार?

त्सियालानं माझ्याकडे पाहिलं.
तिकिटांची चळत खिशात कोंबली,
गंजलेल्या खिडकीला खांदा लावला
आणि ती सताड उघडली.
"बाई, मारतेस काय थंडीनं!" कुणीतरी ओरडलं.
"काच अडकलीय," ती म्हणाली,
आणि पलीकडचा काठ येईपर्यंत
तिथंच उभी राहिली, अडकलेल्या काचेवर हात ठेवून.