पालक क्रमांक

सर्जेकोटात बर्फाच्या कारखान्यावर सोसायटीचं कार्यालय.
खाली लाद्या फोडतात, वर माझा कीबोर्ड थरथरतो.
काम एवढंच : माशांची यादी.
यादीत गट, गटात पोटगट, पोटगटाला पुन्हा पोट.
टेबलात मात्र सगळ्या ओळी सपाट,
वाळत घातलेल्या बांगड्यांसारख्या, एकीला लागून एक.
कुणाच्या पोटात कोण, वरून कळत नाही.

ओळीला रकाने तीन :
स्वतःचा क्रमांक, नाव, पालक क्रमांक.
तिला फक्त आई ठाऊक. आजी नाही.
बांगडा म्हणतो, मी चौदाचा.
चौदाला विचारा, म्हणते, मी तीनची.
तीनच्या रकान्यात काहीच नाही,
म्हणून ती सगळ्यांच्या वर.

आधी दुसरी रीत करून पाहिली होती.
प्रत्येक गटाला एक डावा आकडा, एक उजवा,
आतले सगळे त्या दोघांच्या मधे, पाटीत पाटी.
वाचायला सुख.
मग कुणी म्हणालं, तिसऱ्यांच्या बाजूला मुळे घाला,
आणि उजवीकडचा एकूणएक आकडा
दोन-दोनने सरकवावा लागला.
एका शिंपल्यासाठी अख्खा बाजार उठून उभा.
सोडून दिली ती रीत.

भागीरथी मालंडकर लिलाव संपला की वर येतात,
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकतात.
"म्हाकूल खय घातलंस गो?"
माशांत.
"त्येका काटो खय आसा?"
मग शिंपल्यांत?
"शिंपलो दाखव."
मी 'इतर' नावाचा गट उघडला.
त्या हसल्या. "माझ्या पाटयेत इतर नाय.
खपाक नाय ता मांजराक."

सोड्यांना आई द्यायला बसले तर दोन निघाल्या,
कोळंबी आणि सुकी मासळी. रकाना एकच.
एकदा तर घाईत
एका गटाला त्याच्याच नातवाखाली ठेवलं.
क्वेरी वर चढू लागली, चढतच राहिली.
खालच्या लाद्या संपल्या, ट्रक गेला,
ती आपली आईची आई शोधतेय.

गेल्या आठवड्यात ठराव आला :
रापण बंद पडून तीन वर्षं झाली, गट काढावा.
मी सत्ताविसावी ओळ पुसली.
दुसऱ्या दिवशी भागीरथीबाईंचं बोट स्क्रीनवर.
"पेडवे खय गेले?"

होते.
अकरा ओळी, धडधाकट, भावासकट.
पण त्यांनी धरून ठेवलं होतं सत्तावीस,
आणि सत्तावीस आता कुणीच नव्हतं.
यादी वरून खाली उतरते,
त्यांच्या दारापर्यंत तिची वाटच येत नव्हती.
ज्याचा रकाना रिकामा, तो शिखरावर.
ज्याच्या रकान्यात गेलेल्याचं नाव, तो कुठेच नाही.
हे मी त्यांना समजावत होते, जरा ऐटीतच.

त्या गप्प.
मग प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं.
"माझा पन तसाच झाला काय गो?"
डिझेलच्या परताव्याच्या यादीत दोन वर्षं नाव नाही.
शोधलं. ओळ सहाशे चाळीस,
मालंडकर भागीरथी, पालक दोनशे बारा.
दोनशे बारा नंबरचे सभासद वारले,
त्या पावसाळ्यात कुणीतरी ती ओळ पुसली.
नियमानेच पुसली. या टोकाला कोण लटकतंय
हे विचारायचं बंधन कुणी घातलंच नव्हतं.

सचिवांना सोमवारी सांगेन.
रकाना मोकळा केला.
शून्य नाही लिहिलं, शून्य म्हणजेही
कुठल्या तरी क्रमांकाचं असणं.
काहीच लिहिलं नाही.

यादी पुन्हा उघडली.
नातवंडं तीन बोटं आत, मुलं दोन बोटं,
आणि त्यांचं नाव थेट कडेला,
आधी एकही मोकळी जागा न सोडता.
त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
उठताना गुडघा धरला, जिना अर्धा उतरल्या,
तिथून हाक :
"म्हाकूल अजून इतरातच आसा मां?"