कापा

पहिल्यांदा देओलिंडानं जिन्यातून हाक मारली, "कापा! कापा!"
तेव्हा मी कात्री घेऊन धावले.
शिलाईयंत्राला टेकून ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.

कापा म्हणजे खांद्यांवरून घोट्यांपर्यंत उतरणारं
बिनबाह्यांचं काळं लोकरी पांघरूण.
इओलांदाचा कापा, कोइंब्रा विद्यापीठातला,
चार वर्षांत पाणी न लागलेला.
धुतला की दिवस वाहून जातात म्हणे
(सुपाचा डाग तेवढा वाहून जावा, असं आईचं मत).
पुस्तकाचं वेष्टण, तेही कापा.

आणि भूशिर? ते काबू.
दोरखंड काबू, सुरीची मूठ काबू,
कशाचाही शेवट, तोही काबूच.
माझ्या कानात काबू म्हणजे ताबा, आवर;
इथं साग्रेशच्या पठाराचा नेमका तोच सुटतो,
आणि खाली दोनशे फूट नुसता आवाज.

शिक्षण संपलं की कापा फाडायचा असतो.
कात्रीनं नाही. हातांनी, दातांनी.
उजवी बाजू मित्रांची: तिच्या केव्हाच चिंध्या झालेल्या.
डावी घरच्यांची.
देओलिंडानं एक चीर दिली,
उभ्या धाग्यावरून, सरळ;
जन्मभर शिवणाऱ्या हातांना वेडंवाकडं फाडता येईना.
शेजारची जागा बेलमीरूची.
तो बोटीवर होता.

त्या रात्री वायरलेस खरखरला.
मला एकच शब्द कळला: कापा.
मी देओलिंडाकडे पाहिलं.
ती म्हणाली, "वादळात बोटीचं नाक वाऱ्याकडे धरतात.
पुढं जायचं नाही, मागं वळायचं नाही,
तग धरायचा. त्यालाही हाच शब्द."
मग तिनं कापा इओलांदाच्या पायांवर घातला
आणि खिडकी उघडीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेलमीरू आला.
तळवे दोरानं सोललेले,
मुठी मिटत नव्हत्या.
म्हणून त्यानं काठ दातांत धरला,
मान झटकली, पुन्हा झटकली.
लोकर जाड, दात साठीचे.
"राहू दे, बाबा," इओलांदा म्हणाली.

आता डाव्या बाजूला एक सरळ चीर आहे
आणि तिच्या शेजारी, काठावर,
न फाटलेली एक जागा,
थोडी ओली,
थोडी खारट.