असर

खल्फान बिन मुहन्ना पाणी मोजतो.
दिवसा अंगणात रोवलेल्या काठीच्या सावलीने,
रात्री ताऱ्यांनी: डोंगराच्या कुठल्या दाताआडून
कुठला वर आला, त्यावरून.
अर्ध्या तासाच्या पाळीला तो म्हणतो अथर.
मी पहिल्यांदा ऐकलं, असर.
फारशी चूक नव्हती.
त्याच्या भाषेत त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ,
मागे उरलेली खूण.

मी आटपाडीचा. मस्कतला, रुवीत,
सतरा वर्षं टाइल्सच्या दुकानाचे हिशेब लिहिले.
एका सुट्टीत हिरव्या डोंगरावर आलो,
तर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि डाळिंब.
बहर कुठला धरता, विचारलं नस्राला.
ती हसली. बहर आम्ही धरत नाही, म्हणाली,
तोच आम्हाला धरतो.

दारं धरायला मला कुणी शिकवायला नको.
एक वाफा बंद, दुसरा मोकळा,
पाणी पायाच्या बोटांना लागलं की समजायचं, पोचलं.
इथे मातीऐवजी दगड आणि चिंधी.
बाकी तेच.

नस्राच्या घरातल्या दोन खोल्या, एक गच्ची,
एक गाढव, नाव मरजान, भलतं मानी.
नोंदणीच्या फॉर्मवर रकाना होता: व्यवसायाचे स्वरूप.
मी लिहिलं, चालणे.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका,
चालणं म्हणजे धंदा नाही.
मग लिहिलं, पर्यटन. शिक्का पडला.

दुसऱ्या हिवाळ्यात फोन आला.
दहा जीप, चाळीस माणसं, आठवड्याला दोनदा.
दीड तास थांबतील. गुलाबपाण्याच्या बाटल्या, फोटो, परत.
पाकिटाच्या पाठीवर मी आकडे मांडले;
दिवाळीपर्यंत सगळं फिटत होतं,
मुलीची फीसुद्धा.
पाकीट घेऊन खल्फानकडे गेलो.

त्याने रक्कम विचारलीच नाही.
हात किती वेळा धुतील?
संडास?
काठीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं.
तीन अथर, म्हणाला. कुणाच्या वाट्यातले?
आणि वही उघडली.
मशिदीचा वाटा. मदरशाचा.
सुआद विधवेचा, जो तिचा भाऊ विकत मागतो
आणि ती देत नाही.
सगळ्यात खाली, शाई उडालेली एक ओळ:
वाटसरूसाठी, अर्धा अथर.
कुणी लावला? त्यालाही माहीत नव्हतं.
एक बाई होती म्हणे, तिचा मुलगा
वाटेत तहानेने गेला.

अर्धा अथर. दर नऊ दिवसांनी पाव तास पाणी.
तेवढ्यात सहा माणसं बसतात.
मी तीनदा भागाकार केला,
सात येतच नव्हते.

तर सहा. चढून येतात, सामान मरजानवर,
पहिल्या दिवशी विचारतात, आता पुढे काय?
पुढे काही नाही. उजाडायच्या आत
नस्रा गुलाब खुडायला जाते, हवं तर जा.
याकूब कोसळलेली ताल रचतोय,
दगड हातात द्यायला माणूस लागतो त्याला.
एक जर्मन वकीलबाई चार दिवस दगडच देत राहिली.
एक पुण्याचं जोडपं दुसऱ्याच सकाळी उतरून गेलं,
पैसे परत मागून. दिले.

याकूबची मजुरी आधी जाते, मग नस्राचा वाटा,
मग गाढवाचा चारा, मग मी.
बायको फोनवर विचारते, किती झाले?
सहा, मी म्हणतो.
सहा काय?
मी गप्प. तीही जरा वेळ फोन ठेवत नाही.
तिकडे पाठीमागे मोटार चालू असते, बोअरची,
तिचा आवाज दोघं ऐकतो.

आज नववा दिवस.
टाकी भरत आली आहे, अजून चार बोटं रिकामी.
खल्फान काठीपाशी उकिडवा बसलाय.
सावली खुणेला टेकते,
तो नुसता हात वर करतो.

मी वाकतो.
चिंधी कोंबतो, वर दगड.
पाणी सुआदच्या वाफ्याकडे वळतं.