ख

मालवणच्या धक्क्यावर, किल्ल्याच्या होडीची तिकिटं फाडतात
त्या खिडकीच्या अंगाला
रुजाय लुद्रीक तारेची नावं वळतो.
फळीवर ठोकलेले पाच-सहा खिळे, एक बोथट पक्कड,
बाकी सगळं अंगठ्याच्या पेरावर.

निपाणीहून आलेली पोरं रांगेत.
कुणाला दोन नावं हवीत आणि मधे बदाम.
बदाम सोपा, तो म्हणतो. जोडाक्षराक टायम लागता.

मला बघून उठलाच.
"बाई, तुमी?"
हजेरीतलाच आवाज, फक्त तळाला बसलेला.
म्हटलं, दारावरची पाटी वाळवीनं खाल्ली,
आडनाव करून दे. सुखटणकर.

आधी वरची रेघ. तार ताणून,
बांगडे सुकवायला दोरी बांधावी तशी.
मग तिला एकेक अक्षर टांगत गेला.
'स'ची गाठ. खाली उकार, गरीच्या आकड्याएवढा.

आणि 'ख'पाशी हात थांबला.

माझाही थांबला, पर्सच्या चेनवर.
चौथीत हा सुख लिहायचा सुरव,
खेकडा रवेकडा, खाडी रवाडी,
'र' अलीकडच्या तीरावर, 'व' पलीकडच्या.
मी लाल पेन्सिलीनं वेढे घालायचे.
एकदा शंभर वेळा लिहून आण म्हटलं.
आणले. शंभरच्या शंभर सुटे.
पुढच्या सोमवारपासून आलाच नाही.
ट्रॉलरवर गेला म्हणे कुणाच्या.
हजेरीत त्याच्या नावावर रेघ मीच ओढली,
पट्टी लावून, सरळ.

त्यानं 'र'चा पाय खाली ओढला,
वळवला, 'व'च्या पोटाला टेकवला,
पक्कडीनं चिमटा.
"आता सुटाचो नाय."
बोलला तारेशी.

पुढची चार अक्षरं भराभर झाली.
उरलेलं टोक त्यानं आत दुमडलं,
कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.
पैसे घेईना. मग घेतले.
"खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढीत,
फुडचा माका म्हायत नाय."

पाटी दारावर आहे, गिलाव्यापासून बोटभर सुटी.
घर पश्चिमेला तोंड करून, सकाळी सावली पडत नाही.
चारच्या सुमाराला उन्हं समुद्रावरून येतात,
अक्षरं भिंतीवर उतरतात,
आणि 'ख'चा पाय नेमका चौकटीच्या खाचेत जातो.
सुरवटणकर.

बघत उभी राहते थोडा वेळ.
मग चहाचं आधण ठेवायचं असतं.