भाग सतरावा

गुरुवारी साडेनऊला, धायरीतल्या आमच्या टीव्हीवर
कालव्यात सापडलेल्या मुलीची आई रडायला लागते.
रडते. फारच रडते.
कॅमेरा तिच्याकडे बघतही नाही,
तव्यावरच्या पोळीकडे बघत राहतो.
पोळी फुगते, बसते, काळी पडते.

"किती ती ओव्हरॲक्टिंग," श्रीनिवास म्हणतो, शेंगा सोलत.
आम्ही हसतो.
ती थांबत नाही.
मग शेंगा फुटायच्या थांबतात.

इन्स्पेक्टर येतो. चहा मागतो, साखर कमी.
फ्रिजमधून एक ओलाचिंब बँडवाला उतरतो,
क्लॅरिनेट पुसतो, निघून जातो.
कुणी त्याला काही विचारत नाही.

मला बँडवाल्याचं नवल वाटलं नाही.
चहाचं वाटलं.

अरुकाका गेला तेव्हा ससूनच्या पॅसेजमध्ये
कुमुदमावशीने अस्साच टाहो फोडला होता,
छाती पिटत, थेट सिरियलसारखा,
आणि वॉर्डबॉय तिच्या पायांखालची फरशी पुसत होता,
"जरा सरका, मावशी."
मी मान खाली घालून
स्कूटरच्या पार्किंगची पावती शोधत होतो.
सगळे खिसे. पुन्हा सगळे खिसे.

खुनी अजून कळलेला नाही.
जाहिराती लागल्यावर श्रीनिवास उठला,
आमचा गॅस बंद आहे का, बघून आला.